तांब्याच्या टाक्यांची होडी

१९६२-६३ची थंडी इंग्लंडच्या जुन्या लोकांना अजून आठवते. नाताळच्या सुमारास पडलेला बर्फ मार्चपर्यंत हटला नाही, नद्या गोठल्या, रस्ते बंद पडले. त्याच जानेवारीत लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये नौकांचे वार्षिक प्रदर्शन भरले आणि तिथे एक छोटी शिडाची होडी लोकांसमोर आली. लांबी ३.३ मीटर, रुंदी सुमारे १.४ मीटर, सांगाड्याचे वजन साधारण ४५ किलो, शिडे लालभडक. नाव ‘मिरर’. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने ती पुढे आणली होती, शिडांचा लाल रंगही त्या वृत्तपत्राचाच. किंमत ठेवली होती ६३ पौंड ११ शिलिंग. एवढ्या पैशांत मिळत होता तो होडीचा संच: आकारात कापलेले प्लायवूड, लाकडी पट्ट्या, तांब्याची तार, काचतंतूंची फीत, रेझिन, शिडे आणि कृती सांगणारी पुस्तिका. होडी ज्याने त्याने घरी बांधायची होती.

आणि लोकांनी ती बांधली. मोटार ठेवायच्या जागेत, परसदारी, शाळेच्या कार्यशाळेत, जागा नसली तर राहत्या खोलीत. आजवर ७० हजारांहून अधिक मिरर होड्या तयार झाल्या आहेत. बांधणाऱ्यांत बँकेतले कारकून होते, शिक्षक होते, शाळकरी मुलांना हाताशी घेतलेले आईबाप होते. त्यांच्यापैकी अनेकांनी त्याआधी साधे स्टूलही बनवलेले नव्हते. तरीही त्यांच्या हातून बाहेर पडलेली वस्तू वाऱ्यावर चालली, वळली, उलटली तरी बुडाली नाही. हे कसे साधले, यात मला विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर तांत्रिक युक्त्यांपैकी एक दिसते.

या युक्तीचे मोल कळायचे तर लाकडी नौका एरवी कशी बांधतात ते पाहायला हवे. घर बांधणाऱ्या सुताराला काटकोन, ओळंबा आणि पाणसळ यांचा आधार असतो. नौकेत यातले काहीच कामी येत नाही, कारण तिच्यात सरळ कड शोधूनही सापडत नाही. आधी कणा घालायचा, त्यावर बरगड्या उभ्या करायच्या, मग त्यांच्या अंगावर एकेक फळी बसवायची. प्रत्येक फळीचा आकार शेजारच्या फळीहून वेगळा. फळी वाकायला तयार नसली तर तिला वाफ द्यायची किंवा विस्तवावर शेकायची आणि गरम असतानाच जागेवर आवळायची. शेवटी सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठासून वर तेल-राळेचा लेप द्यायचा. कोकण किनाऱ्यावरचे जुने मिस्त्री हे सगळे कागदावर नकाशा न काढता करत आले आहेत. डोळ्यांनी फळीचा बाक जोखणे ही त्यांची विद्या, आणि ती यायला उमेदीची वर्षे खर्ची पडतात. नोकरी सांभाळून आठवड्याच्या सुट्टीत होडी बांधू पाहणाऱ्याकडे ती कुठून येणार?

पहिली वाट मोकळी केली प्लायवूडने. लाकडाचे पातळ पापुद्रे एकाचा रेषा आडवा, पुढच्याचा उभा असे चिकटवले की तयार होणारा तक्ता दोन्ही दिशांना मजबूत होतो आणि हवामानाप्रमाणे फारसा फुगत-आकसत नाही. दुखणे होते ते डिंकाचे. जुने डिंक प्राण्यांच्या हाडांचे किंवा दुधातल्या केसीनचे असत आणि ओल लागली की सुटत. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास हे चित्र पालटले. ब्रिटनचे प्रसिद्ध लाकडी विमान ‘मॉस्किटो’ नोव्हेंबर १९४०मध्ये प्रथम उडाले. त्याचे अंग बर्च प्लायवूड आणि बाल्सा यांच्या थरांचे होते आणि त्याचे भाग फर्निचरच्या कारखान्यांतही बनत. अशा कामांसाठी कृत्रिम रेझिनचे डिंक पुढे आले. केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड इथल्या ‘एरो रिसर्च लिमिटेड’ या कंपनीचा ‘एरोलाइट’ त्यांतलाच एक. पुढे याच कंपनीशी ‘अरल्डाइट’ हे नाव जोडले गेले, जे आज आपल्याकडच्या हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. युद्ध संपले तेव्हा पाण्याला दाद न देणारे प्लायवूड आणि पाण्याला दाद न देणारा डिंक या दोन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या होत्या.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे एक छोटी पण फार दूरवर पोहोचलेली गोष्ट घडली. १९४७मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लिफर्ड मॅकेय यांनी मुलांसाठी स्वस्त शिडाच्या होडीची कल्पना मांडली आणि क्लार्क मिल्स या नौका बांधणाऱ्याने ती आखून दिली. खर्च ५० डॉलरच्या आत राहिला पाहिजे आणि प्लायवूड आठ फूट बाय चार फुटांच्या तक्त्यातून निघाले पाहिजे, या अटींवर. ती ‘ऑप्टिमिस्ट’ होडी. लांबी २.३६ मीटर, म्हणजे आठ फुटांहून थोडी कमी. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, निमुळती न ठेवता मिल्स यांनी पुढेही एक सपाट फळी बसवली. आज जगभरची मुले शिडाची होडी चालवायला शिकतात ती बहुधा हिच्यातच, आणि मुंबईच्या पाण्यातही ती दिसते. अंगणात बांधण्याजोगी होडी, हा विचार तिच्यामुळे आणखी रुजला.

मिररच्या मागे तीन माणसे होती. जॅक होल्ट हे लंडनच्या पटनीतले नौकाकार, स्वतः हातात रंधा धरणारे. युद्धानंतर त्यांनी घरी बांधता येतील अशा होड्यांची मालिकाच दिली: १९४७ची मुलांची ‘कॅडेट’, १९४९ची ‘जीपी १४’, १९५६ची ‘एंटरप्राइज’. दुसरे बॅरी बकनेल. हे बीबीसी दूरचित्रवाणीवरून घरदुरुस्तीचे धडे देत. त्यांचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, त्यामुळे खिळा वाकडा गेला की तो लाखो लोकांना दिसे, आणि हा माणूस आपल्यासारखाच आहे म्हणून लोक त्यांच्यावर विश्वास टाकत. १९६२मध्ये त्यांनी एक जुने पडके घर आठवड्यागणिक दुरुस्त करून दाखवले होते. तिसरे केन लिटलडाइक. प्लायवूडच्या पट्ट्या मासेमारीच्या दोऱ्याने शिवून आणि सांध्यांवर पॉलिएस्टर रेझिन लावून छोट्या वल्ह्याच्या होड्या बनवायची रीत त्यांनी काढली होती. बकनेल यांनी ती रीत शिडाच्या होडीसाठी उचलली, दोऱ्याच्या जागी तांब्याची तार आणली आणि होल्ट यांनी रेखांकन व शिडाची मांडणी नीट बसवली. इंग्रजीत या रीतीला ‘स्टिच अँड ग्लू’ म्हणतात, टाके घाला आणि चिकटवा.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली भूमिती. भेळवाला कागदाचा चौकोन घेतो, गुंडाळतो आणि शंकू करतो. कागद फाटत नाही, सुरकुतत नाही. पण तोच कागद चेंडूला गुंडाळून पाहा, कडेला चुण्या पडल्यावाचून राहणार नाहीत. पातळ तक्ता एका वेळी एकाच दिशेला वाकतो, दोन दिशांना वाकायला नकार देतो. म्हणजे प्लायवूडची होडी बनवायची तर तिची प्रत्येक बाजू नळकांड्याचा किंवा शंकूचा तुकडा असली पाहिजे. होल्ट यांच्यासारखा आरेखक तशीच होडी कल्पतो आणि मग ती बाजू मनात उलगडून सपाट तक्त्यावर पसरतो. सपाट केलेल्या त्या पट्टीची कड विचित्र दिसते, कुठे फुगलेली, कुठे आत गेलेली. तळाच्या पट्टीची कड एका वळणाची, बाजूच्या पट्टीची कड दुसऱ्याच. या दोन न जुळणाऱ्या कडा ओढून एकमेकींना भिडवल्या की दोन्ही पट्ट्यांना तिसऱ्या दिशेला वाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही आणि होडीचा आकार आपोआप उभा राहतो. साचा नाही, आधी उभ्या केलेल्या बरगड्या नाहीत, वाफ नाही. मिस्त्रीच्या डोळ्यांत असलेली विद्या आरेखकाने त्या कापाच्या रेषेत आधीच भरून ठेवलेली असते. रेषेवर चोख कापणे एवढेच बांधणाऱ्याच्या हाती उरते, आणि तेवढे कोणीही चिकाटीचा माणूस करू शकतो.

प्रत्यक्ष काम बघण्यासारखे असते. तळाच्या दोन पट्ट्या आधी एकावर एक ठेवतात आणि मधल्या कडेने ठरावीक अंतरावर बारीक भोके पाडतात. प्लायवूडची जाडी सुमारे ५ मिलिमीटर, त्यामुळे भोक कडेपासून थोडे आत घ्यावे लागते, नाहीतर तार ओढताना कड उचकटते. प्रत्येक भोकातून तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा ओवून बाहेरच्या बाजूने पक्कडीने सैलसर पीळ द्यायचा. मग वरची पट्टी उचलून दोन्ही भाग उघडायचे. इथे पहिल्यांदा होडी दिसते: मागच्या बाजूला जवळजवळ सपाट, पुढे खोल होत जाणारा तळ. त्यानंतर बाजूच्या पट्ट्या, मग पुढची आणि मागची सपाट फळी, सगळे टाक्यांनी बांधलेले. या वेळी होडी लुळी असते. हाताने ढकलली तर तिरपी होते, एका बाजूला पीळ खाते.

हाच सगळ्या कामातला कसोटीचा टप्पा आहे. घाई करणारा इथे फसतो. दोन्ही कर्ण मोजायचे, पुढच्या फळीच्या कोपऱ्यापासून मागच्या फळीच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत. ते सारखे आले पाहिजेत. मग होडीवर पुढे एक आणि मागे एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून टोकाकडून एक डोळा मिटून पाहायचे. दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींत मिसळल्या तर पीळ नाही. एक टोक वर, एक खाली दिसले तर आहे. पीळ असला तर एखादा टाका सैल करायचा, दुसरा आवळायचा, पुन्हा पाहायचे. तारा शेवटच्या घट्ट आवळायच्या त्या यानंतरच. कारण पुढच्या टप्प्यात रेझिन घट्ट झाले की जो आकार असेल तो कायमचा. पिळलेली होडी एका बाजूला वळायला ओढ घेते आणि तिच्यावर कितीही चांगले शीड चढवले तरी तो दोष जात नाही.

आतल्या सांध्यांवर काचतंतूंची फीत अंथरून ती रेझिनने भिजवतात. पांढरी फीत ओली होताच पारदर्शक होते आणि खालचे लाकूड दिसू लागते. जिथे पांढुरका डाग राहिला तिथे हवा अडकली, तिथे ब्रशने दाबून ती बाहेर काढायची. हे घट्ट झाले की होडी उलटी करायची, बाहेर आलेले तारांचे पीळ छाटायचे, सांध्याची कड रंध्याने आणि पॉलिश पेपरने गोल करायची आणि बाहेरूनही फीत लावायची. कड गोल का? काचतंतू तीक्ष्ण कोपऱ्यावर नीट बसत नाहीत, उचलले जातात आणि खाली पोकळी राहते. फीत दोन्ही बाजूंनी का? लाटेने तळ आत दाबला की सांध्याची एक बाजू ताणली जाते, बाहेरून दाब सुटला की दुसरी. ताण घेतात काचतंतू. ते एकाच बाजूला असतील तर दुसरी बाजू उघडायला मोकळी राहते. दोन थर आणि मध्ये लाकूड अशी रचना झाली की सांधा आजूबाजूच्या प्लायवूडपेक्षाही दणकट होतो. तारांचे काम इथे संपलेले असते. फितीखाली अडकलेले त्यांचे तुकडे तसेच राहतात, होडी मात्र आता त्यांच्यावर अवलंबून नसते.

मिररमध्ये आडव्या-उभ्या फळ्या लावून पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना बंद कप्पे केलेले असतात. त्यांची तीन कामे आहेत. लुळ्या सांगाड्याला ते ताठ करतात, बसायला बाक देतात आणि त्यांतल्या कोंडलेल्या हवेमुळे होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहते. एका फळीकडून तीन कामे करून घेण्याची ही काटकसर मला होल्ट यांच्या आरेखनातली सर्वांत लोभस गोष्ट वाटते. आर्किमिडीजचा हिशेबही इथे सोपा आहे. होडी, शिडे आणि दोन माणसे मिळून २०० किलो भरले तर होडी २०० लिटर पाणी बाजूला सारते. ३.३ मीटर लांब आणि रुंद तळाच्या होडीला एवढे पाणी सारायला वीतभर खोलीही पुरते. म्हणून मधली सरकती फळी वर ओढली की मिरर थेट वाळूला लागते. ती फळी खाली असताना मात्र तिच्या उभ्या पृष्ठभागाची पाण्यातली अडवणूक होडीला वाऱ्याबरोबर आडवे वाहू देत नाही, आणि त्यामुळेच वाऱ्याच्या उलट रोखाने तिरपे पुढे जाणे जमते.

शिडाची मांडणीही घरचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेली. उंच एकसंध डोलकाठी मोटारीच्या टपावर मावत नाही. म्हणून डोलकाठी आखूड ठेवली आणि शिडाचा वरचा भाग एका दुसऱ्या काठीला बांधला, जी दोरीने ओढली की डोलकाठीला समांतर उभी राहते. खाली उतरवल्यावर सगळ्या काठ्या होडीच्या पोटात मावतात. पूल आला तर ती वरची काठी उतरवून पुलाखालून जाता येते. मिररची पुढची बाजूही ऑप्टिमिस्टसारखी सपाट आहे. निमुळती नाळ करायची तर पट्ट्यांना पुढे जबर पीळ द्यावा लागतो, जो नवख्या हाताला जमत नाही. शिवाय एवढ्या आखूड होडीत सपाट नाळेमुळे आतली जागा वाढते. दिसायला ती थोडी बोथट आहे, हे खरे. पण लाटेवर चढताना ती आश्चर्य वाटावे इतकी हलकी चालते.

अशी होडी कुठवर जाऊ शकते? ए. जे. मॅकिनन हे इंग्लंडमधल्या श्रॉपशर भागात शिक्षक होते. १९९७मध्ये ‘जॅक डी क्रो’ नावाची मिरर घेऊन ते निघाले, आरंभीचा बेत जवळच्याच नद्यांतून थोडे खाली जाण्याचा होता. पण ते थांबले नाहीत. सेव्हर्न आणि टेम्स नद्या, मग इंग्लिश खाडी, फ्रान्सचे कालवे, जर्मनीतली ऱ्हाइन आणि माइन, तिथून डॅन्यूब. शिडावर आणि वल्ह्यांवर, १२ देश ओलांडून, कालव्यांची २८२ जलद्वारे पार करून, ४,९०० किलोमीटरचा प्रवास संपला तो रुमानियात काळ्या समुद्राच्या काठी. यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक २००२मध्ये आले. इंग्लिश खाडी म्हणजे जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक. तिथे ३.३ मीटरची प्लायवूडची होडी घेऊन शिरणे कोणी गिरवावा असा धडा नव्हे. पण घरी बांधण्यासाठी आखलेल्या होडीच्या अंगी काय असते, ते या प्रवासाने दाखवले.

होल्ट यांच्या होड्यांचा आपल्या किनाऱ्याशी संबंध जुना आहे. त्यांची एंटरप्राइज ४ मीटरहून जरा लांब, निळ्या शिडांची. तिलाही एका वृत्तपत्राने, ‘न्यूज क्रॉनिकल’ने, पुढे आणले होते आणि जानेवारी १९५६मध्ये अशा दोन होड्या रात्री इंग्लिश खाडी ओलांडून गेल्या होत्या. हीच एंटरप्राइज भारतातल्या शिडाच्या शर्यतींत रुजली. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा त्यांत एंटरप्राइजचाही वर्ग होता, आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल या दुसऱ्या वर्गात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

याहूनही जुना धागा मात्र टाक्यांचाच आहे. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवायच्या, ही हिंदी महासागराची फार जुनी परंपरा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या समुद्रातल्या शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशा नौका पाहिल्या आणि त्याला त्या धोक्याच्या वाटल्या. त्याचे मत काहीही असो, या नौकांनी शतकानुशतके अरबस्तान आणि मलबार यांच्यात माल वाहिला आहे. काथ्या ओलीने सहज कुजत नाही आणि शिवण थोडी लवचीक असल्याने लाट आदळली की नौका किंचित देते, तडकत नाही.

ही विद्या लुप्त होईल अशी भीती होती, पण ती गोव्यात पुन्हा उभी राहिली. अजिंठ्याच्या लेण्यात रंगवलेल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून एक शिवलेली नौका बांधण्याचा करार जुलै २०२३मध्ये संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात झाला. जहाजाचा नकाशा कुठेच नव्हता, हाती होते ते फक्त चित्र. त्यावरून आकार ठरवला, आयआयटी मद्रासमध्ये पाण्यातली वर्तणूक तपासली आणि केरळचे नौकाकार बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली कारागिरांनी हजारो टाके घालून फळ्या काथ्याच्या दोरीने आणि नैसर्गिक राळेने जोडल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ती ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाली. कौंडिण्याचा टाका आणि मिररचा टाका यांत एक महत्त्वाचा फरक आहे. काथ्याचा टाका आयुष्यभर भार वाहतो, तांब्याचा टाका रेझिन घट्ट होईपर्यंतच. पण फळीला धाक न दाखवता कडेने ओढून आकारात आणायचे, ही दोघांची समजूत एकच. कौंडिण्याच्या आधीही गोव्यात लाकूड आणि इपॉक्सी यांचे मोठे काम झाले होते. २००९मध्ये नौदलात आलेल्या ‘म्हादेई’चे अंग लाकडी पट्ट्यांवर काचतंतू आणि इपॉक्सी चढवून बनवलेले होते. ती बांधली जात असताना दिलीप दोंदे यांनी जातीने लक्ष घातले आणि त्याच नौकेतून २००९-१०मध्ये एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय.

आपल्याकडे घरी अशी होडी बांधायची इच्छा असणाऱ्याला आज साहित्याची अडचण राहिलेली नाही. प्लायवूड मात्र आयएस ७१० छापाचेच घ्यावे. हे मरीन प्लाय. त्याचा डिंक फेनॉलिक असतो आणि तो ७२ तास उकळण्याच्या कसोटीला उतरावा लागतो. दुकानदार पुष्कळदा ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दुसरेच पुढे करतो, तेव्हा तक्त्यावरचा शिक्का स्वतः वाचावा आणि कड पाहावी. थरांमध्ये पोकळी दिसली तर तो तक्ता सोडून द्यावा, कारण होडीचा तक्ता नेमका तिथेच मोडतो. पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी लाकडाला कितीतरी चांगले धरते, म्हणून आता बहुतेक जण तेच वापरतात. त्यात लाकडाचे बारीक पीठ मिसळून लांबीसारखा लगदा केला आणि आतल्या कोपऱ्यात गोलाई देऊन भरला की त्यावर फीत छान बसते.

तक्ता आठ फुटांचा आणि होडी त्याहून लांब, तर दोन तक्ते जोडावे लागतात. यासाठी १:८ उताराचा सांधा करतात. प्लाय ६ मिलिमीटरचे असेल तर कडेपासून ४८ मिलिमीटरपर्यंत ते निमुळते करत शून्याला आणायचे. ऐकताना भीती वाटते, पण प्लायवूड स्वतःच वाट दाखवते. दोन तक्ते एकावर एक, ४८ मिलिमीटर मागे सरकवून ठेवायचे आणि धारदार रंध्याने दोन्ही कडा एकदमच तासायच्या. तासता तासता आतले थर गडद-फिकट पट्ट्यांसारखे दिसू लागतात. पट्ट्या सरळ आणि समांतर दिसल्या म्हणजे उतार बरोबर. एखादी पट्टी कुठे फुगली किंवा बारीक झाली तर तिथे उतार बिघडला आहे. अर्ध्या तासात नवख्याच्या हातालाही हे कळू लागते.

आपल्या हवेत खरी काळजी घ्यावी लागते ती उष्णतेची. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर मिसळले की उष्णता निघते आणि उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होते. तापमान १० अंशांनी वाढले की काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्म्यावर येतो. चैत्र-वैशाखात मगभर मिश्रण एकदम केले तर ते हातात घट्ट होते, प्रसंगी धूर सोडते. त्यामुळे थोडे थोडे मिसळावे, पसरट थाळीत ओतावे, मंद हार्डनर वापरावा आणि काम सकाळी उजाडताच करावे. पावसाळ्यात उलटा त्रास. दमट हवेत घट्ट झालेल्या इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो, तो पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ या कामाला सर्वांत चांगला. हातमोजे कायम असावेत, कारण इपॉक्सीची त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही, आणि घासताना तोंडावर चांगला मास्क हवा.

होडी रंगवून झाली की धरणाच्या जलाशयात किंवा खाडीत उतरवण्याआधी तिथे परवानगी कोणाची लागते ते विचारून घ्यावे. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून, कमरेएवढ्या पाण्यात, काठाशी दोघा-तिघांना उभे करून होडी मुद्दाम उलटी करावी. ती पालथी झाली की मधली सरकती फळी तळातून वर आलेली दिसते. तिला धरून, तिच्यावर भार देऊन होडी सुलटी करता आली पाहिजे. सुलटी झाल्यावर पाण्याने भरलेल्या अवस्थेतही तिच्या कडा पाण्याच्या बऱ्याच वर राहिल्या पाहिजेत. तासाभराने कप्प्यांची झाकणे उघडून आत हात फिरवावा. ओल लागली तर कुठल्या तरी सांध्यात पोकळी आहे. ती वाळवून, घासून, फीत लावून बुजवावी आणि चाचणी पुन्हा घ्यावी. शीड चढवायचे ते कप्पे कोरडे निघाल्यावर.